दुसऱ्याच्या नावाचं कार्ड

त्सुझुकीने ट्रकचं मागचं दार उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावून टाकलं. दिवसातून चार वेळा हा ट्रक आमच्या दारात लागतो. त्सुझुकी आमचा रिकामा क्रेट खाली ठेवतो, भरलेला वर चढवतो, आणि मधल्या वेळात माझ्या केसांच्या रंगावरून नाहीतर माझ्या नवऱ्याच्या टकलावरून काहीतरी बोलून घेतो. त्या सकाळी त्याने टोपी काढून हातात धरली.

"वहिनी, आज काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे कार्ड नाही. मला दिलंच नाही कुणी."

"विसरला असशील. पुढच्या सीटवर बघ. मागे एकदा तुझ्या डब्याखाली सापडलं होतं."

"डब्याखाली बघितलं. डब्यातपण बघितलं," तो म्हणाला, पण हसला नाही. मग वाकून नमस्कार केला, जरा जास्तच वाकला, आणि ट्रक घेऊन पुढच्या दाराला गेला. मी भरलेल्या क्रेटजवळ उभी राहिले. आदल्या दिवशीच्या शेवटच्या कार्डाचा माल त्यात होता, तोही न्यायचा तो विसरला होता. माझ्या हाका ऐकून कोपऱ्यावरून ट्रक मागे घेत आला, क्रेट चढवला आणि तोंड चुकवून गेला.  त्सुझुकी विसरणारा माणूस नाही. आमच्याकडून आता काही न्यायचं नाही, हे त्याच्या हातापायांना आधीच कळलेलं असावं.

आमच्या धंद्यात काम गेलं हे कुणी सांगत नाही. पत्र येत नाही, फोन येत नाही. ब्रेकची रबरी नळी जागेवर धरून ठेवणारी पत्र्याची एक पकड असते, अंगठ्याएवढी. ती आम्ही करतो. आम्ही म्हणजे इसोगाई प्रेस, म्हणजे माझा नवरा कात्सुमी, दोन प्रेस आणि मी. नदीपलीकडच्या मधल्या कंपनीत आमचा एक क्रेट रिकामा झाला, की त्यातलं प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड रिकाम्या क्रेटबरोबर आमच्याकडे परत येतं. कार्ड आलं की त्यावर असेल तेवढाच माल करायचा. नाही आलं तर प्रेसला हात लावायचा नाही. मधली कंपनी मूळ कंपनीला देते, मूळ कंपनी गाड्या करते, आणि ह्या सगळ्या रांगेत कुणाच्याही घरात जास्तीचा एक स्क्रूसुद्धा पडून राहू नये, ही ह्या गावाची शिकवण. लहानपणापासून आम्ही ती ऐकतो. आमच्या कारियात शाळेतल्या पोरांना सांगतात, जादा म्हणजे पाप. मी तोंडावर नवऱ्याला अहो म्हणते. मनात कधी म्हटलं नाही, आणि आता ह्या वयात सुरुवात करण्यात अर्थ नाही.

मी आत जाऊन सांगितलं, "कार्ड नाही आलं."

तो प्रेसजवळच्या स्टुलावर बसला होता. गणवेशाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या. "पडलं असेल कुठेतरी," म्हणाला. मग उठला, फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली प्रेस पुन्हा पुसायला लागला. दुपारच्या ट्रकनेही कार्ड आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्याच्या मध्यावर तर ट्रक आमच्या गल्लीत वळायचाच बंद झाला. नवरा रोज सकाळी व्यायामाची गाणी लावून हातपाय हलवायचा, गणवेश चढवायचा आणि स्टुलावर जाऊन बसायचा. जेवायला हाक मारली की यायचा. गार शेवया ओढून घ्यायचा, बार्लीचा चहा प्यायचा, पुन्हा स्टुलावर. दोन्ही हात मांडीवर. डॉक्टरकडे आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत बसतात माणसं, तसा.

मला त्या दिवसांत भोवळ यायची. आमचं घर कारखान्याला चिकटून आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून प्रेसचा ठोका जमिनीतून माझ्या पायात चढतो. कपातला चहा हलतो, कपाटातल्या बशा एकमेकींना लागून बारीक वाजतात. सुरुवातीला मला झोप येत नव्हती, मग ठोका थांबला की जाग यायला लागली. आता दिवसाढवळ्या जमीन स्थिर होती आणि मी ओट्याला धरून उभी राहात होते. भाजी चिरताना सुरी कुठल्या तालावर चालवायची ते कळेना. बाहेर सिकाडा किडे किर्र करत होते. इतकी वर्षं ते आमच्या अंगणात ओरडत असणार, मला ते त्या आठवड्यात ऐकू आले. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "आजकाल शांत शांत आहे हो तुमच्याकडे. बरं वाटतं." मी पण म्हटलं, बरं वाटतं.

माझं माहेर हेकिनानचं. आईच्या अंधाऱ्या कोठीत लाल मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची, पिंपं असायची, माझ्या छातीएवढी, वर नदीतले गोटे रचलेले. मुळ्याचं लोणचं, सुके मासे, तांदूळ, मेणबत्त्या, संडासातल्या कागदाचे गठ्ठे. तेलाची टंचाई झाली आणि बायका दुकानांतून त्या कागदासाठी मारामाऱ्या करायला लागल्या, तेव्हा आई कोठीच्या दाराशी उभी राहून हसत होती. लग्नात तिने मला तीन पिंपं दिली. नवरा ती बघून म्हणाला, "इतकं कशाला? संपलं की आणू." तो वाईट बोलला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मी एक पिंप ठेवलं, दोन परत पाठवली, आणि आई त्यावर एक शब्द बोलली नाही. तिने ती परत कोठीत लावून घेतली आणि गोटे जागेवर ठेवले. पुढे माझ्या फ्रिजमध्ये उद्याची अंडी नसायची. मिसोच्या डब्यात तळाशी नवऱ्याने एक लाल पट्टी चिकटवली. पट्टी दिसली की आणायचं, आधी नाही. अचानक कुणी पाहुणा आला, तर मी मागच्या दाराने पळत जाऊन एकेक गोष्ट आणायची. लोक म्हणायचे, इसोगाईंची बायको फार चटपटीत आहे. चटपटीत कसली, घरात काही नसायचं.

पण माझ्या नवऱ्याचंही एक वय होतं. मूळ कंपनीचा एक शिक्षक आमच्याकडे यायचा, हडकुळा, सदा ओठ मिटलेला. पहिल्याच दिवशी त्याने खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, ह्यात उभं राहा आणि बघ, वाया काय जातंय ते. आणि तो निघून गेला. मी डबा घेऊन गेले तर नवरा वर्तुळात उभा. "खाऊन घ्या." "बाहेर येता येत नाही." "मग आत येऊ का मी?" "तूही येऊ नकोस, लक्ष जातं." मी डबा हातात धरून उभी राहिले. तरुण होते मी. मला वाटलं, हा माणूस मला वेडा वाटायला पाहिजे, पण नाही वाटला. त्याचे डोळे प्रेसवरून पत्र्याकडे, पत्र्यावरून क्रेटकडे असे फिरत होते, आणि त्यांत काहीतरी होतं. लग्नाच्या दिवशी माझ्याकडे बघताना नव्हतं ते. संध्याकाळी शिक्षक आला आणि नवऱ्याने एकामागून एक सांगायला सुरुवात केली, इथे वाकावं लागतं, इथे दोनदा उचलतो, इथे माल उगाच थांबतो. शिक्षकाने फक्त मान हलवली. त्या मान हलवण्यावर माझा नवरा पुढची सगळी वर्षं जगला. आमच्याकडे लोक बघायला यायचे. इसोगाईंकडे जा म्हणायचे, तिथे जमिनीवर काही पडलेलं नसतं.

मग उत्तरेत तो मोठा भूकंप झाला. समुद्र आत आला, आणि कुठल्यातरी छोट्या कारखान्यातला एक छोटासा भाग मिळेना म्हणून देशभरच्या गाड्या अर्धवट उभ्या राहिल्या. वरच्यांना घाम फुटला. तोपर्यंत एका मालाला एक घर, हा नियम होता. घर म्हणायचे ते आम्हाला, कारखाना नाही. आता म्हणाले, एका मालाला दोन घरं हवीत, कुठलं घर कधी पडेल सांगता येत नाही. मधल्या कंपनीचा कामिया आला. कामिया खरेदी खात्यात. नोकरीला लागला तेव्हा काम शिकायला म्हणून आमच्याकडे यायचा आणि माझ्या हातचं जेवून जायचा. तो म्हणाला, "इसोगाईसान, तुमची डाय जरा हिरामात्सूंना द्याल? नक्कल करून परत देतील. नुसतं असावं म्हणून. देव न करो, इकडे भूकंप झाला तर." माझ्या नवऱ्याने डाय, म्हणजे पकडीचा आकार कापणारा पोलादी साचा, स्वतः पुसली, तेल लावलं, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि शेजारच्या आंजो गावी हिरामात्सूंच्या कारखान्यात स्वतः नेऊन दिली. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. हिरामात्सूंच्या पकडीला आतल्या कडेला बर यायची, म्हणजे पत्रा कापताना राहते ती धारदार कडा. ती रबरी नळीला कापते. आमच्याकडेही सुरुवातीला यायची. माझ्या नवऱ्याने एक अख्खा हिवाळा त्यावर घालवला होता. पत्रा उलट्या बाजूने भरायचा, एवढीच ती युक्ती, पण सापडेपर्यंत त्याच्या बोटांची सालं निघाली. ती युक्ती त्याने हिरामात्सूंच्या प्रेसजवळ उभं राहून त्यांच्या मुलाला शिकवली. रविवारी जाऊन. परत आला तेव्हा गालावर तेल होतं आणि खूष होता. "जमलं त्यांना," म्हणाला. "तिसऱ्यांदा बरोबर निघालं."

"आणि आपलं काय?" मी विचारलं होतं.

"आपलं काय म्हणजे? आपलं चालूच आहे."

त्या आठवड्यात मी हे सगळं पुन्हा पुन्हा चघळत होते आणि मला एकच गोष्ट हवी होती. काम परत यावं अशी आशा मी बुधवारीच सोडली होती. मला हवं होतं की ह्या माणसाने एकदा उठावं, नदीपलीकडे जावं आणि विचारावं, का. ओरडला नसता तरी चाललं असतं. दारात उभा राहून का, एवढं विचारलं असतं तरी मी उरलेलं आयुष्य त्याला मनातसुद्धा अहो म्हटलं असतं. तो स्टुलावर बसून होता. कार्ड पडलं असेल कुठेतरी, हे तो अजूनही म्हणत होता. मला सांगत नव्हता, प्रेसला सांगत होता.

शेवटी मीच गेले. जुलै होता, वर्षाच्या मध्यावरच्या भेटी द्यायचे दिवस, म्हणजे निमित्त शोधावं लागलं नाही. हाताने ओढलेल्या चांगल्यापैकी शेवयांचा लाकडी खोका घेतला, सायकलच्या टोपलीत ठेवला आणि साकाई नदीचा पूल ओलांडून मधल्या कंपनीत गेले. कामिया बाहेर आला. पोट सुटलंय, डोळ्यांखाली काळं. मला बघून त्याचा चेहरा आधी खुलला आणि मग त्याला आठवलं.

"वहिनी, ह्या उन्हात कशाला आलात? फोन करायचा."

"फोनवरून शेवया पाठवता येत नाहीत."

त्याने खोका दोन्ही हातांनी घेतला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला. "नाही घेता येत हो आता. वरून नियम आलाय. कुणाकडूनच घ्यायचं नाही."

"आमच्याकडे तीन तीन वाट्या भात ओढायचास तेव्हा नव्हता वाटतं नियम."

"तेव्हा मी बारीक होतो," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही जरा हसलो. मग मी म्हटलं, "कार्ड येत नाही रे."

कामियाने दातांतून आत श्वास ओढला. आमच्याकडे माणूस असा श्वास ओढतो तेव्हा पुढचं वाक्य ऐकायची गरज नसते. पण मी ऐकायचं ठरवून आले होते. मी हलले नाही.

"थोडं समायोजन चाललंय, वहिनी."

"थोडं म्हणजे किती?"

"ते वरूनच. गाड्यांची मॉडेलं सारखी बदलतायत. नुसती काटकसर आता पुरत नाही म्हणतात. चपळ व्हा म्हणतात. आज आकार बदलायला सांगितला तर उद्या बदलून हातात. हिरामात्सूंच्या मुलाने नवी प्रेस घेतलीय, कॉम्प्युटरवरची, तो रात्रीत..." आणि तो थांबला. हिरामात्सूंचं नाव त्याला घ्यायचं नव्हतं.

"म्हणजे आमची पकड हिरामात्सू करतो."

"ते भूकंपासाठी होतं ना. दोन घरं."

"मग दोन घरं ठेवा. अर्धी कार्डं त्याला, अर्धी आम्हाला. एकच घर ठेवायचं होतं तर आम्ही काय वाईट होतो?"

"माल तुमचाच चांगला आहे. अजूनही. मी खोटं नाही बोलणार." त्याने मान खाली घातली. "वरून एक रकाना भरून मागतात, वहिनी. पुढच्या पिढीत कोण. हिरामात्सूंकडे मुलगा आहे, त्याला दोन मुलं आहेत. तुमच्यापुढे मी काय भरू?"

 आम्हाला मूल झालं नाही. खूप वर्षांपूर्वी, नव्या वर्षाच्या मेजवानीत, सगळे पुरवठादार आमच्याकडे जमले होते. साके चढली होती. कुणीतरी माझ्या नवऱ्याला म्हणालं, काय इसोगाई, घरात पोर नाही अजून? आणि माझा नवरा, जो शुद्धीत असताना कधी विनोद करत नाही, म्हणाला, "कार्डच आलं नाही वरून, तर बनवू कसं?" खोली हसून हसून आडवी झाली. तरुण कामियाही त्यात होता, तोंडातला भात सांडेपर्यंत हसला. मी सगळ्यांना साके वाढत फिरत होते. माझा हात हलला नाही, एक थेंब सांडला नाही, ह्याचं मला त्या रात्री केवढं कौतुक वाटलं होतं. आता कामिया माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता आणि मला वाटलं, ह्यालाही तेच आठवतंय. बहुतेक त्याला काही आठवत नसेल. हसणाऱ्यांना कुठे आठवतं.

त्याचा फोन वाजला. बोलत बोलत तो मला माल उतरवण्याच्या दारापर्यंत पोचवायला आला, वाकला आणि आत गेला. तिथे भिंतीवर लाकडी खणांची फळी आहे, प्रत्येक घराचा एक खण. रिकाम्या झालेल्या क्रेटची कार्डं त्यात जमतात आणि ट्रकवाले आपापल्या फेरीची उचलतात. आमच्या नावाचा खण होता. पट्टी तशीच, कुणीतरी पुसून स्वच्छ ठेवलेली. आत काही नव्हतं. दोन खण सोडून हिरामात्सूंचा. त्यात कार्डं होती, आणि सगळ्यात वरच्या कार्डावर आमच्या पकडीचं चित्र होतं. नंबर तोच, आकार तोच, खाली नाव हिरामात्सूंचं. मी आजूबाजूला बघितलंसुद्धा नाही. चोरी करताना माणूस घाबरतो म्हणतात. मला इतका राग आला होता की भीतीला जागा नव्हती. कार्ड काढलं, शेवयांच्या खोक्याच्या दोरीत खोचलं आणि सायकलवर बसले.

पुलावरून येताना मी ठरवत होते. हे कार्ड त्याच्यासमोर टाकायचं. वाच म्हणायचं. वाचल्यावर तरी त्याला समजेल, पडलं असेल कुठेतरी हे पुन्हा तोंडातून निघणार नाही. आणि मग तो उठेल. उठणार कसा नाही? त्याची डाय, त्याचा हिवाळा, त्याची उलट्या पत्र्याची युक्ती, आणि खाली दुसऱ्याचं नाव. ऊन डोक्यात शिरत होतं, मी पायडल मारत होते आणि कितीतरी दिवसांनी मला चांगलं वाटत होतं.

तो स्टुलावर होता. मी कार्ड त्याच्या मांडीवरच्या हातांवर ठेवलं. त्याने ते उचललं, आणि तो चेहरा मी कधी विसरणार नाही. उजळला. एक क्षणभर, नाव वाचेपर्यंत. मग त्याने नाव वाचलं. पाकीट उलटं केलं, मागे बघितलं, पुन्हा सरळ केलं.

"हे कुठून आणलंस?"

"कामियाच्या फळीवरून."

"खाली पडलं होतं?"

"नाही. हिरामात्सूच्या खणात होतं."

त्याने अंगठ्याने पाकीट पुसलं. मी वाट बघत होते. बाहेर सिकाडा ओरडत होते. मग तो म्हणाला, "खणात होतं म्हणजे क्रेट रिकामा झालाय. संध्याकाळच्या ट्रकला हा माल जायला हवा. हिरामात्सूंना कार्ड मिळालं नाही तर ते करणार नाहीत. उद्या सकाळी वर एक क्रेट कमी पडेल."

"पडू दे."

"अगं, गाड्यांची लाइन थांबेल."

"थांबू दे ना. थांबली की विचारतील कुणाला तरी, का थांबली. तुम्ही नाही विचारत, ते विचारतील."

"लाइन थांबेल," तो पुन्हा म्हणाला, सावकाश, मला नीट ऐकू आलं नसावं अशा आवाजात. आणि मग मी बोलले. सगळं बोलले. कामिया काय म्हणाला, रकान्यात काय भरायचं आहे, तुम्ही रविवारी जाऊन काय शिकवून आलात. आईची परत पाठवलेली पिंपंसुद्धा मधे आली. माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाईंनी त्यांची शांतता संपल्याचं ऐकलं असणार. शेवटी मी म्हटलं, "जा आणि विचारा त्यांना. एकदाच. मी दुसरं काही मागत नाही."

"काय विचारू?"

"का, म्हणून."

त्याने थोडा विचार केला. खरंच केला, मला बरं वाटावं म्हणून नाही. "ते म्हणतील, एका घरावर भरवसा ठेवू नये. बरोबर आहे ते."

"मग आता दोन घरं कुठे आहेत? एकच आहे. दुसरं."

 त्याचा चेहरा बघून मला कळलं की हा प्रश्न त्याला आधीच पडलेला होता, मी सांगायच्या खूप आधी, कदाचित त्सुझुकीने टोपी काढायच्याही आधी. तो स्टुलावरून उठला. मला वाटलं, आता. मग त्याने कार्ड प्रेसच्या वरच्या खिळ्याला अडकवलं, जिथे ते नेहमी अडकवतो, आणि डाय काढायला वळला.

मी दारात उभी राहून बघत होते. त्याने डाय बसवली, बोल्ट आवळले, कान लावून पुन्हा आवळले. पत्र्याची गुंडाळी उलट्या बाजूने भरली. पहिला ठोका पडला आणि माझ्या तळपायांतून वर आला. कपाटातल्या बशा वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचा भयंकर राग आला, कारण ते पाणी सुखाचं होतं. देह लाचार असतो, त्याला कुणाच्या नावाचं काम आहे त्याचं काही नसतं. पहिली पकड त्याने उचलली, कडेवरून बोट फिरवलं, मापात घालून बघितली, बरोबर होती, क्रेटमध्ये ठेवली. मग दुसरी. तो वाकत नव्हता, दोनदा उचलत नव्हता, त्याच्या हातांत एकही हालचाल फुकट जात नव्हती. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या मुलानातवंडांसाठी, आणि तोंडावर तेच ते वर्तुळातलं. इतका सुंदर माणूस मी आठवडाभर पाहिला नव्हता. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

क्रेट भरला. त्याने कार्ड काढून त्यात ठेवलं आणि क्रेट घेऊन स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत गेला, कारण ट्रक आता आत वळत नव्हता. मी मागे गेले. त्सुझुकीने ट्रक थांबवला, खाली उतरला, क्रेट बघितला, कार्ड बघितलं.

"मालक, हे हिरामात्सूंचं आहे."

"हो. चुकून आमच्याकडे आलं. माल तयार आहे, त्यांच्या नावानेच उतरव."

त्सुझुकीने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "वहिनी, हिशोब त्यांच्याकडे जाईल ह्याचा," तो हळूच म्हणाला.

"मालकांना सांग," मी म्हटलं.

मालकांनी ऐकलंच नाही. ते क्रेट नीट सरळ बसला आहे का ते बघत होते. त्सुझुकीने दार लावलं, टोपी काढली आणि त्याच्यासमोर इतका वाकला की मला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत माझा नवरा रस्त्याच्या कडेला उभा होता, हात पँटच्या शिवणीला लावून. मग म्हणाला, "वेळेत गेला," आणि घराकडे चालायला लागला.

तो हात धुवायला गेला. मी कारखान्यात शिरले. मला एक पकड हवी होती. जपून ठेवायला की त्याच्या टकलावर फेकून मारायला, ते मी ठरवलं नव्हतं, पण हवी होती. इतकी वर्षं ह्या घराने जी वस्तू केली, ती आतापर्यंत कधी मागून घेतली नव्हती, तसा प्रसंगच आला नव्हता. प्रेसच्या खाली बघितलं. मापं ठेवायच्या टेबलाचे खण उघडले. फळ्यांच्या मागे हात घातला, कोनाडे बघितले, भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला. त्यात कापून उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर पकडीच्या आकाराची भोकं, एकसारखी. पकड नव्हती. मी गुडघ्यांवर बसून त्या पट्ट्या चाळत होते, तेव्हा तो टॉवेलला हात पुसत दारात आला.

"काय शोधतेस?"

"आपली पकड. एक तरी राहिली असेल ना हो कुठे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पालथ्या डब्याकडे. आधी त्याला माझं बोलणं समजलंच नाही. समजलं तेव्हा तो हसला, आठवड्यात पहिल्यांदा, जरासा अभिमानाने.

"राहील कशी?" तो म्हणाला. "कार्डावर होत्या तेवढ्याच केल्या."